गोस्तिनचा फाटा

लेश्नो, ९ नोव्हेंबर १९५७

झेनेक,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पोस्टमनने ते घरी न टाकता थेट विमानतळावर, आमच्या कार्यशाळेत आणून दिलं. पाकिटावर इंग्लंडच्या राणीचं तिकीट, तेव्हा ते उघडताना माझा चेहरा कसा होतो हे त्याला बघायचं होतं. मी एका ग्लायडरच्या पंखावर कापड शिवत होते. टाक्यांची ओळ पुरी केली, दोरा तोडला आणि पत्र न उघडताच खिशात घातलं. बिचारा हिरमुसून गेला.

सहा वर्षांनी पत्र लिहितोस आणि सुरुवात काय, तर 'आशा आहे, तुझी तब्येत उत्तम असेल.' असं माणूस विमा कंपनीला लिहितो, बायकोला नाही. तब्येत उत्तम आहे. दोन दाढा गेल्या, कंबर धरते, आणि जवळचं बघायला चष्मा लागतो. एकोणचाळीसमध्ये तू लढाईवर गेलास तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, हे आठवत असेल तर बाकीचा हिशेब तुला करता येईल.

पहिलं पान वाचून हसू आलं. पुढच्या जूनमध्ये ग्लायडरची जागतिक स्पर्धा लेश्नोला आहे, ही बातमी तू लंडनहून मला कळवतोस! अरे, वर्षभर इथे दुसरा विषय नाही. कुठल्याकुठल्या देशांची माणसं इथून बिनइंजिनाची विमानं घेऊन वर जाणार म्हणून नगरपालिकेने स्टेशनपासून विमानतळापर्यंतची कुंपणं रंगवायला काढली आहेत. आपोलोनियाबाई, म्हणजे माझ्या शेजारी बसून शिवणारी, साठी उलटलेली आणि तोंडाला झाकण नसलेली बाई, तिने तर जाहीर केलंय की एखादा अर्जेंटिनावाला पटला तर ती नातवंडांना टाकून निघून जाणार आहे.

दुसरं पान मात्र मी चार वेळा वाचलं. तू येतोयस. इंग्लंडच्या संघाची गाडी चालवायला. पायलट कुठल्यातरी शेतात उतरून फोन करणार, आणि तू गाडीमागे लांबलचक ट्रेलर जोडून त्याला आणि त्याच्या पंखांना गोळा करायला जाणार. लग्नाआधी त्या पायलटच्या जागेवर तू बसायचास, आणि टेकडीच्या उतारावर आम्ही आठ जण रबरी दोर ओढत पळायचो, म्हणजे तू हवेत जायचास. सगळ्यात पुढे मी असायचे. तू वर गेलास की मी चिखलात पडलेली असायचे आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

तिसऱ्या पानाबद्दल आज लिहीत नाही. डॉरीनचं नाव वाचलं. तुमची ॲन सात वर्षांची आहे, हेही वाचलं. घटस्फोटाला माझी संमती आहे असं लिहिलेला कागद तू सोबत पाठवलास, तो कपाटात ठेवला आहे.

लुडविका

(तू 'प्रिय लुडविका' लिहिलंस म्हणून. माझं नाव लुडका आहे, हे तू विसरला नसशील.)

&nbsp;

लेश्नो, २ फेब्रुवारी १९५८

झेनेक,

नाताळनंतर तुझी दोन पत्रं आली. दोन्हींत एकच प्रश्न, सही केलीस का. नाही केली. पेन आहे, शाई आहे, हातही धड आहे. तेव्हा कारणं शोधत बसू नकोस.

मी सेहेचाळीस साली तुझ्याकडे आले असते तर ही वेळच आली नसती, असं तू लिहितोस. लढाई संपली होती, तू तिकडे फौजेतून सुटलेला होतास, मला न्यायची सगळी सोय केली होतीस, सगळं खरं. तेव्हा मी कळवलं होतं की आई अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांना टाकून येणं जमणार नाही. तुझीच आई, म्हणून तुला भांडता आलं नाही. आणि तू का परत आला नाहीस, तर तुझ्या पलटणीतले जे आले त्यांना नव्या सरकारच्या पोलिसांनी स्टेशनवरूनच उचलून नेलं म्हणून. तेही खरं. आपण दोघंही खरंच बोलतो आहोत आणि तरी तू तिथे आणि मी इथे.

मला डॉरीनचा राग येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. तिने तुला माझ्यापासून हिसकावलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला तू सापडलास तेव्हा तुझ्याजवळ कोणीच नव्हतं.

मला फक्त एक गोष्ट हवी आहे आणि ती मी तू आल्यावरच मागेन. घाबरू नकोस, राहा म्हणणार नाही.

लुडका

&nbsp;

लेश्नो, २० एप्रिल १९५८

झेनेक,

आल्याबरोबर आईंच्या कबरीवर जायचंय, असं तू लिहिलंस. जरूर जा. चर्चच्या मागे, भिंतीकडून तिसरी, वर बर्चचं झाड आहे. पण त्याआधी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण ती तिथे दगडावर कोरलेली आहे आणि दगड तुला सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

आई ऑक्टोबरात गेल्या असं मी तुला कळवलं होतं. त्या ऑक्टोबरात नाही गेल्या. त्या त्याच वर्षीच्या जानेवारीत गेल्या, सत्तेचाळीसच्या. सकाळी उकडलेले बटाटे आणि कांदा घातलेला चक्का मागून खाल्ला, "आज मीठ बरोबर पडलंय" म्हणाल्या, आणि दुपारी गेल्या.

नऊ महिने मी तुला त्यांच्या तब्येतीची पत्रं लिहिली. आज खोकला कमी आहे. आज तुझी आठवण काढली. तुझ्या फोटोची काच पुसून घेतली. आई जिवंत आहेत तोवर तू कधी ना कधी येशील, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गेल्या म्हणून सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस, 'आता तुला तिथे काय आहे, निघून ये.' आणि मला यायचं नव्हतं. मला तू इथे हवा होतास. माझ्या भाषेत, माझ्या गावात, त्या टेकडीवर. मी वाट बघितली आणि दरम्यान सरहद्द बंद झाली.

आता तू काय म्हणशील ते म्हण. मी ऐकून घेईन.

लुडका

&nbsp;

लेश्नो, ८ जून १९५८

झेनेक,

सात आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. हे पत्र तू निघायच्या आत पोचेल की नाही, ठाऊक नाही. आणि तू निघणार आहेस की नाही, तेही ठाऊक नाही.

विमानतळावर तंबू लागलेत. कुंपणांना आणि बाकांना रंगाचा तिसरा हात देऊन झाला आणि आता बाकावर बसलेला प्रत्येक माणूस पांढरा होऊन उठतो. फ्रेंच आले आहेत, फिन आले आहेत. इंग्लंडच्या संघाच्या तंबूचे खुंटे मी स्वतः ठोकले, ते काम माझं नव्हतं.

रागावला असशील तर इथे येऊन रागाव.

लुडका

&nbsp;

लेश्नो विमानतळ, १९ जून १९५८
(तुझ्या तंबूत, तुझ्या उशीखाली ठेवत आहे)

झेनेक,

परवा काय ठरलं ते तू विसरू नयेस म्हणून लिहून ठेवते. साक्षीदार, आपोलोनियाबाई.

तू कार्यशाळेच्या दारात आलास. आपोलोनियाबाई म्हणाल्या, "लुडके, तुझा इंग्रज आलाय. टक्कल पडलंय, पण उंची शाबूत आहे."

तू म्हणालास, "कशी आहेस?" मी म्हटलं, "शिवतेय." मला याहून चांगलं काही सुचलं नाही, एकोणीस वर्षं वाट बघूनसुद्धा.

तू माझ्यासाठी आणलेला चहाचा डबा ठेवलास, पायमोजे ठेवलेस. मग म्हणालास, "कबरीवर जाऊन आलो. नऊ महिने, लुडका!"

"हो."

"मी तरीही आलो नसतो."

"ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?"

मग तू कापडाच्या गठ्ठ्यावर बसलास. आपोलोनियाबाईंनी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून ठेवलं. मग तू कागदाचं विचारलंस आणि मी माझी मागणी सांगितली. एक दिवस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तू आणि मी, नवरा-बायको असल्यासारखे. नदीवर जाऊ नाहीतर घरात बसू, मला काहीही चालेल. मग मी सही करते.

तू म्हणालास, "स्पर्धा चालू असताना कसं जमणार? आणि संपली की दुसऱ्या दिवशी आम्ही निघतो." मग विचार करून म्हणालास, "ज्या दिवशी हवा बिघडेल आणि उड्डाणं रद्द होतील, तो दिवस तुझा. कबूल."

कबूल केलंस, हे लक्षात ठेव.

तेव्हापासून आकाशात ढगाचा पत्ता नाही, असतो तो पांढरा, कापसाच्या बोंडाएवढा. पायलट लोकांना असाच लागतो. सगळं गाव उन्हासाठी प्रार्थना करतंय, आणि चर्चमध्ये मी एकटी पावसासाठी. आजही सकाळपासून कडकडीत ऊन आहे.

बाकी, परदेशी गाडीबरोबर रस्ता दाखवायला एकेक स्थानिक माणूस द्यायचं ठरलंय. तुमच्या गाडीवर माझं नाव कोणी टाकलं, कोण जाणे.

लुडका

&nbsp;

लेश्नो विमानतळ, २५ जून १९५८

झेनेक, हे तुमच्या पायलटना, मिस्टर प्रेंटिसना, इंग्रजीत वाचून दाखव. मला त्यांची भाषा येत नाही आणि माफी मागायचा खाणाखुणांनी प्रयत्न केला, तर त्यांना वाटलं मला भूक लागली आहे.

महाशय, काल दुपारी दोन वाजता तुमच्या उतरण्याचा निरोप फोनवर मी घेतला. तुम्ही नोवा व्येश गावाजवळ उतरला आहात, असं तिकडच्या पोस्टातल्या मुलीने सांगितलं. नोवा व्येश म्हणजे नवं गाव. आमच्या लोकांनी जिथे जिथे चार घरं बांधली तिथे तिथे हेच नाव ठेवलं, त्यामुळे अशी गावं आमच्याकडे उदंड आहेत. निरोप घेताना तालुका कुठला हे विचारायचंच असतं. ते माझ्याकडून राहिलं. तुम्ही क्रोतोशिनजवळच्या नोवा व्येशमध्ये होतात, आणि मी गाडी व्झेश्नियाजवळच्या नोवा व्येशला नेली. गाडी मी चालवत होते, कारण तुमचा ड्रायव्हर पहाटे चारपासून उठलेला होता आणि त्याचे डोळे मिटत होते. चूक त्याची नाही.

यात तुम्ही तीन तास जास्त ताटकळलात. ऊन होतं, पाणी मागायला तुम्ही शेतकऱ्याच्या घरी गेलात, तेवढ्यात गाईंनी डाव्या पंखाचं कापड चाटून चाटून हातभर फाडलं. पंखाच्या रोगणाची चव गाईंना फार आवडते. ग्लायडर कुरणात एकटं ठेवायचं नसतं आणि गाडीने वेळेवर पोचायचं असतं, हे या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे.

पहाटे उजाडल्याबरोबर मी आणि आपोलोनियाबाईंनी पंख शिवला. टाके मोजून बघा, बोटाबोटाच्या अंतरावर आहेत. रोगणाचे चार हात दिले. तुम्ही आज वेळेवर वर गेलात, पण थकलेले होतात आणि लवकर उतरलात, तुमचा नंबर खाली गेला. तो मला शिवून देता येत नाही. माफी मागते.

माझ्या नवऱ्याला बोल लावू नका.

झेनेक, या शेवटच्या वाक्यातला 'नवरा' हा शब्द त्यांना कसा सांगायचा ते तुझं तू बघ.

ल.

&nbsp;

लेश्नो, ६ जुलै १९५८

झेनेक,

तुम्हाला जाऊन सहा दिवस झाले. तंबू निघाले, गवतावर पिवळे चौकोन राहिले आहेत. अर्जेंटिनावाल्याने आपोलोनियाबाईंच्या हाताचा मुका घेतला, त्या तो हात अजून जपून धुतात.

निघताना तू गाडीचं इंजिन चालू ठेवून खाली उतरलास. म्हणालास, "लुडका, पाऊस आलाच नाही, त्याला मी काय करू?"

मी म्हटलं, "काही नको करूस."

"मग कागद?"

"पाठवते."

तुला ते खरं वाटलं नाही, तुझ्या तोंडावर दिसलं. नऊ महिने मेलेल्या माणसाची खुशाली कळवणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून आता सगळं सांगते. सांगितलं नाही तर सहीलाही काही अर्थ उरणार नाही.

मला माझा दिवस मिळाला होता. पुरा नाही, अर्धा. तुला ते कळलं नाही, कारण तू झोपला होतास.

पहिली गोष्ट, तुमच्या गाडीवर माझं नाव मीच टाकून घेतलं. आमच्या कार्यशाळेचा मुख्य सिकोरा, त्याच्यामागे मी तीन आठवडे लागले होते. रोज खसखशीचा केक खाऊन शेवटी तो म्हणाला, "बाई, तुझं नाव लिहितो, पण आता हे गोड बंद कर."

दुसरी गोष्ट, पोस्टातल्या त्या मुलीने तालुका सांगितला होता. अगदी स्पष्ट सांगितला. क्रोतोशिनजवळचं नोवा व्येश, विटांच्या भट्टीमागचं कुरण. मी वहीत लिहिलं आणि ते पान फाडून खिशात घातलं. पण तेव्हासुद्धा माझ्या मनात काही नव्हतं, शपथेवर सांगते. तुझ्याबरोबर दीड तास जायला आणि दीड तास यायला मिळणार, एवढ्यावरच मी खूश होते.

तुझी ती गाडी! स्टिअरिंग उजवीकडे, आणि आपल्याकडे गाडीही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणजे मी रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात बसून गाडी चालवतेय असं वाटत होतं. तू म्हणालास, "जमेल ना?" मी म्हटलं, "लढाईनंतर दहा वर्षं मी कार्यशाळेचा ट्रक हाकतेय, हे तर बाहुलीचं खेळणं आहे." तू हसलास. किती दिवसांनी हसलास, किंवा कदाचित तिकडे रोज हसत असशील. मग म्हणालास, "पाच मिनिटं डोळे मिटतो." आणि क्रोब्या गाव मागे पडायच्या आत घोरायला लागलास.

गोस्तिनला फाटा आहे. सरळ गेलं की क्रोतोशिन, तासाभराचा रस्ता. डावीकडे यारोचिन आणि पुढे व्झेश्निया. त्या फाट्यावर एक घोडागाडी आडवी आली म्हणून मी थांबले. थांबल्यावर तुझ्याकडे बघितलं. तोंड उघडं, कानात पांढरे केस, टोपी मांडीवर. तू एवढ्या जवळ झोपलेला मी शेवटचा पाहिला तो एकोणचाळीसच्या ऑगस्टमध्ये. घोडागाडी गेली. रस्ता मोकळा झाला. मी डावीकडे वळले.

विचार केला नाही, असं म्हणणार नाही. केला. त्या कुरणात एक अनोळखी माणूस उन्हात बसलाय आणि आसपास गाई असणार, हे मला ठाऊक होतं. तरी वळले.

यारोचिनपर्यंत मी खड्डे चुकवत, पंचवीसच्या वेगाने गाडी नेली. मागून एक दूधवाला ओरडला, "अगं ए, मयत नेतेयस का?" मी काच वर केली, तू जागा होऊ नयेस म्हणून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंडेनची झाडं फुलली होती, सगळा वास गाडीत भरला होता. मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलत होते. आईंचं सांगितलं. घराच्या छपराचं सांगितलं. बावन्न साली एक चांगला माणूस विचारायला आला होता, शिक्षक होता, त्याला मी 'माझा नवरा आहे' म्हणून परत पाठवलं, तेही सांगितलं. तू सगळं निमूट ऐकून घेतलंस. जागेपणी तुला एवढा धीर नसता.

यारोचिनला रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटकवाली बाई कंटाळली होती, गाडीजवळ आली.

"कुठली गं ही गाडी?"

"इंग्लंडची. स्पर्धेतली."

"आणि हा कोण?"

"माझा नवरा."

तिने वाकून बघितलं. "दमलेला दिसतोय फार."

"लांबून आलाय," मी म्हटलं.

"झोपू दे मग. मालगाडी आहे, अजून वीस मिनिटं तरी उघडत नाही."

झेनेक, ती वीस मिनिटं मी कुणाला देणार नाही. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. एक बाई, तिचा दमलेला नवरा, फाटक बंद. ती बाकावर जाऊन वाटाणे सोलत बसली. मी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले आणि तुझ्या कोटाची बाही, जी आपल्या दोघांच्या मध्ये पडली होती, ती धरून बसले.

फाटक उघडलं. पुढचा रस्ता दगडी, गाडीला हिसका बसला, आणि तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. खांदा हलू नये म्हणून मी गिअर बदलायचाच सोडला, इंजिन बिचारं रडत होतं. आणि तेव्हा तू बोललास. झोपेत, पुटपुटत, शेवटी प्रश्न विचारल्यासारखा. इंग्रजीत.

मला एक अक्षर कळलं नाही. पण तू उत्तराची वाट बघतोयस, हे कळलं, कारण तुझ्या कपाळाला आठी पडली. म्हणून मी आपल्या भाषेत म्हटलं, "हो." हळूच म्हटलं. तुझी आठी गेली, तू लांब श्वास सोडलास आणि पुन्हा गाढ झोपलास.

पुढचं तुला माहीत आहे. व्झेश्नियाजवळच्या त्या नोवा व्येशमध्ये तू जागा झालास, तळ्याकाठी कपडे पिळणाऱ्या बाईला विचारलंस, आणि ती म्हणाली, "विमान? इथे तर सायकलसुद्धा येत नाही." मग तू माझ्यावर जे ओरडलास! "तालुका विचारता येत नाही? एवढी साधी गोष्ट? अक्कल गहाण ठेवलीस का?" मी म्हटलं, "राहिलं विचारायचं." खिशात ते पान होतं. तू माझ्या हातातून गाडी घेतलीस आणि क्रोतोशिनपर्यंत धुमसत होतास. मी खिडकीबाहेर बघत बसले. आणि तुला खोटं वाटेल, मला बरं वाटत होतं. माझ्या शेजारणीला तिच्या नवऱ्याचं जे रोज मिळतं, त्याची झोप आणि त्याचं चिडणं, ते मला एका दुपारी दोन्ही मिळालं होतं. मला नदी नको होती, काही नको होतं.

मग कुरणात पोचलो, फाटलेला पंख बघितला, आणि मिस्टर प्रेंटिस मला काही बोलले नाहीत, उलट आपल्या डब्यातला बिस्किटाचा तुकडा पुढे केला. तिथे मला माझी लाज वाटली. मी त्यांचं नुकसान कसं केलं, ते जमलं तर त्यांना खरं खरं सांग. तुझ्या शब्दांत सांग, माझी भीड ठेवू नकोस.

आता राहिलं ते. तू झोपेत जे बोललास त्याचे आवाज मी डोक्यात धरून ठेवले होते, पंख शिवताना घोकत होते. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाई स्पर्धेत दुभाष्याचं काम करत होत्या. तुम्ही गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि ते आवाज जसेच्या तसे म्हणून दाखवले. त्या हसल्या, मला तीनदा म्हणायला लावलं, मग म्हणाल्या, "अहो, काही विशेष नाही. मागचं दार लावलंस का, असं विचारलंय. कोण म्हणालं?"

मी म्हटलं, एक पायलट.

घरी येऊन मी मागची भिंत बघितली. आपल्या घराला मागचं दार कधी नव्हतंच, झेनेक. मी इतकी वर्षं धरून चालले होते की तू तिकडे कुठेतरी राहतोस, सरायीत राहावं तसा, आणि तुझं घर इथे आहे. रात्री दार लावलं का, याची काळजी माणूस सरायीत करत नाही. मला तू एक दिवस इथे हवा होतास, आणि तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवूनसुद्धा तिथेच होतास. याचं फार वाईट वाटलं. आजही वाटतंय. तुझी आठवण मला या सहा दिवसांत जेवढी आली तेवढी गेल्या एकोणीस वर्षांत आली नव्हती, कारण आता कानातले पांढरे केससुद्धा आठवतात.

आईंच्या बाबतीत मी तुझ्याशी खोटं बोलले, ते माझ्यासाठी. गोस्तिनच्या फाट्याचं खोटं बोलले, तेही माझ्यासाठी. त्या 'हो'चं तेवढं वेगळं आहे. तुमचं दार उघडं आहे की बंद, मला काय ठाऊक! पण तुला झोप लागावी, एवढंच तेव्हा मला वाटलं.

कागद सोबत आहे. सही केली आहे.

लुडका